उसनी नाडी

कांचन ढोमणेच्या मनगटावर बापाची नाडी वाजू लागली आणि तिने बापाला फोन करणं सोडलं.

मुद्दाम नाही सोडलं. असलं काही मुद्दाम कोणी करत नाही. पूर्वी दर रविवारी फोन व्हायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. त्यातलं अर्धं बापाला ऐकू यायचं नाही आणि उरलेल्या अर्ध्यावरून तो भांडायचा. मग ‘निगा’ कंपनीने ते कडं काढलं. आईबापाच्या छातीवर रुपयाएवढी टिकली चिकटवायची आणि लेकरांनी शेकडो कोसांवर हातात कडं घालायचं. हृदय रक्त पुढे ढकलतं तेव्हा सगळ्या अंगाला एक बारीकसा हिसका बसतो. आपल्याला तो कळत नाही, टिकलीला कळतो. तोच हिसका कड्याच्या आतला पातळ पडदा जसाच्या तसा मनगटावर उमटवतो. आकडे नाहीत, आलेख नाही, नुसती नाडी. कडं नवं आलं तेव्हा माणसं ते घालून दुकानातच रडली होती. पुढे सवय झाली. नाडी चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, मग फोन करून विचारायचं काय? प्रेमाची अशी सोय झाली की प्रेमाचे कष्ट वाचतात, आणि वाचलेले कष्ट माणूस दुसरीकडे खर्च करतो.

कांचन त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत, घराघरांतली यंत्रं दुरून दुरुस्त करण्याच्या कामावर होती. बाप शामराव, वीज मंडळातला निवृत्त लाइनमन, पवनी तालुक्यात वैनगंगेकाठच्या निमगावला एकटा राहायचा. बाप मीटिंगमध्ये तिच्यासोबत असायचा, स्वयंपाकात असायचा. बोलायचा मात्र नाही.

त्या दिवशी दुपारी तिने डबा उघडला, पहिला घास घेतला आणि मनगटावरची नाडी धावू लागली. आधी नुसतीच धावली. मग अडखळली. दोन ठोके, मग मोठा खंड, मग एकदम चारपाच घाईघाईने. तिने आधी पवनीच्या रुग्णवाहिकेला निमगावचा पत्ता दिला आणि मग बापाला फोन लावला. तो बराच वेळ वाजला आणि उचलला गेला.

“बाबा! पडून राहा, अजिबात हलू नका. गाडी निघालीय.”

“कोन? कांचन? काहून वो बाई, तुले बरं नाही का?”

“मला काय विचारता! छातीत दुखतंय का तुमच्या?”

“माह्या? मी आंगनात आंबाडी निवडून रायलो. मले काय धाड भरली?” मग शामराव म्हणाले, “पोळ्याले बोलली होती तू. त्याच्यानंतर आज आठवला बाप.”

टोमणा बरोबर जागी लागला, पण लागून घ्यायला कांचनला सवड नव्हती. मनगटावर खंड पडतच होते.

“बाबा, टिकली कुठे आहे?”

“छातीवर. आंघोळीलेही काढत नाही मी. तूच सांगतलं होतं ना?”

“मानेवर बोट ठेवा. ठोका लागला की मोठ्याने मोजा.”

“हे काय आता नवीन?” असं म्हणत त्यांनी मोजायला घेतलं. “एक... दोन... तीन...” म्हातारा खांबावर चढताना पायऱ्या मोजाव्यात तसा संथ मोजत होता. कांचनच्या मनगटावर मात्र कोणीतरी ठेचकाळत होतं. बाप बारावर पोचला आणि तिच्या ध्यानात आलं की ही नाडी बापाची नाही.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, कोणालाही वाटलं असतं. मग तिच्या मनात आलं, की मग ही कोणाची?

घोळ कसा झाला असेल हे तिला बसल्या जागी कळलं, कारण तिचं पोटच त्यावर चालत होतं. काही वर्षांपूर्वी कायदा झाला होता, की माणसाच्या काळजाची माहिती कंपनीने साठवायची नाही, ती त्याच्या घरातच राहील. म्हणून प्रत्येक घरात भिंतीवर एक फायरवॉल बसवली गेली. फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदारच. लेकराचं कडं थेट त्याच्याकडे जातं, किल्ली दाखवतं आणि तो आत घेतो. पण घर सापडणार कसं? इंटरनेटवर घराला एक नाव असतं आणि एक क्रमांक. नाव कायमचं. क्रमांक भाड्याच्या खोलीसारखा. वीज गेली की खोली सुटते, वीज आली की मिळेल ती दुसरी. म्हणून राखणदाराने जागं झाल्याबरोबर नावांच्या नोंदणीत जाऊन सांगायचं असतं, की मी आता अमुक क्रमांकावर राहतो. याला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. हे सांगायचं राहिलं, तर नाव जुन्या खोलीचंच दार दाखवत राहतं, आणि त्या खोलीत तोवर दुसराच कोणी राहायला आलेला असतो.

दुसऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लागायला नको, हे खरं. पण भंडाऱ्याकडे गेलेल्या अख्ख्या खेपेत कंपनीने घाईत एकच किल्ली भरली होती. नंतर बदलू म्हणून ठरलं आणि राहून गेलं. गेल्या आठवड्यात परतीच्या पावसात तालुक्याची वीज गेली आणि आली. त्यानंतर त्या भागातून ‘नोंद झाली नाही’ अशा सूचनांचा नुसता पूर लोटला होता. दार उघडतंय, नाडी येतेय, संगणकाच्या फळ्यावर हिरवा दिवा आहे, मग सूचना न वाचता मिटवायची, ही कचेरीतली रीत. कांचननेही मिटवल्या होत्या. नाडी कोणाच्या घरातून येते हे दिव्याला काय कळणार? आणि लेकरांना कळायला त्यांनी फोन तर करायला हवा होता.

दुरुस्तीवाल्यांच्या किल्लीने ती बापाच्या घराचं नाव दाखवत असलेल्या दारातून आत शिरली. आतल्या राखणदाराने आपलं नाव सांगितलं, लांजेवार. ढोमणे नव्हे. त्याचं घड्याळ पाहिलं तर ते चक्क नऊ वर्षं मागे, कारखान्यातून निघाल्याच्या दिवशी उभं होतं. घड्याळाचा सेल मेला होता. वीज आल्यावर राखणदार जागा झाला तो नऊ वर्षांपूर्वीच्या जगात. नोंदणीकडे गेला, तिचं ओळखीचं प्रमाणपत्र पाहिलं, त्यावरची तारीख त्याच्या हिशेबी अजून उजाडायची होती, आणि त्याने ते खोटं ठरवलं. इंटरनेटवरून कोणी खरी वेळ सांगितली तरी इतका मोठा फरक म्हणजे लबाडीच, असं त्याला शिकवलेलं होतं. तो बिचारा आठवडाभर दर पाच मिनिटांनी दाराशी जात होता आणि संशय घेऊन परत येत होता.

नोंदीत लांजेवारांच्या मुलीचा फोन होता. घराचा पत्ता नव्हता. पत्ता आणि नाडी एकाच जागी ठेवायची नाही, हाही कायदाच. इंटरनेट पुरवणाऱ्यांना विचारलं तर ते पोलिसांचं पत्र मागणार आणि तोवर इकडे सगळं आटोपलेलं असणार.

राखणदाराला जोडून घरात एक बोलायचा भोंगा असतो. कांचनने तो चालू केला.

“हॅलो? कोणी आहे का घरात?”

आधी नुसता श्वास ऐकू आला, घरघर करणारा. मग बाईचा आवाज आला, म्हातारा, दमलेला.

“कोन? रंजू? रंजू वो?”

कांचन ‘नाही’ म्हणणार होती. पण नाडी त्या एका नावासरशी सावरली, पाचसहा ठोके सरळ पडले, आणि ‘नाही’ म्हणायचं तिने टाळलं.

“हो आई. काय होतंय तुला?”

“छातीत कसं तरी होऊन रायलं, बाई. खाली बसली त उठताच येत नाही.”

“शेजारी कोणी आहे का? हाक मार.”

“सारे धान कापाले गेले. कोन हाये गावात?”

“आई, तू कुठे आहेस ते मला सांग.”

“कुठं म्हंजे?” म्हातारीला त्या अवस्थेतही हसू आलं असावं. “घरीच हाओ न.”

“घर कुठे आहे? गावाचं नाव सांग. लवकर.”

“काय वो बाई, सोताचं गाव इसरली? लय दिवस आली नाही म्हनून का गावच इसरली?”

कांचनला रडू कोसळलं. आता खरं सांगणं भाग होतं. “आजी, ऐका. मी रंजू नाही. मी दुसरीच आहे. तुमच्या गावाचं नाव सांगा, मी गाडी पाठवते.”

मनगटावर दोन ठोके, मग खंड.

“रागावली का माह्यावर?” म्हातारी म्हणाली. “नको रागावू, माय. मी कुठं काय म्हनलं?”

यानंतर ती बोलली ते रंजूच्या लहानपणीचं कसलंसं होतं. त्यात गावाचं नाव नव्हतं.

कांचनने भोंगा चालूच ठेवून रंजना लांजेवारला बंगळुरूला फोन लावला. निगा कंपनीतून बोलतेय, तुमच्या आईला त्रास होतोय, घराचा पत्ता सांगा, असं ती एका दमात बोलून गेली. बोलून झाल्यावर आपलं बोलणं कसं ऐकू गेलं असेल हे तिलाच कळलं. ‘तुमची आई आजारी आहे’ म्हणून फोन करून लुबाडणारे आता इतके झालेत, की शाळेतल्या पोरांनासुद्धा शिकवतात, असा फोन आला की काही सांगू नका, ठेवून द्या.

“आईला त्रास होतोय?” रंजनाचा आवाज थंड होता. “आईची नाडी माझ्या हातावर आहे. अगदी ठणठणीत चालू आहे. लाज वाटत नाही तुम्हाला? आईबापांवरून फसवता?”

“ताई, ती तुमच्या आईची नाही...”

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर तो लागेनाच.

मग ती ठणठणीत नाडी कोणाची? कांचनने लांजेवारांचं नाव नोंदणीत विचारलं, मिळालेल्या दारातून आत गेली. आतल्या राखणदाराने नाव सांगितलं, ढोमणे. त्याचंही घड्याळ तसंच मेलेलं. वीज आली तेव्हा दोन घरांनी एकमेकांच्या खोल्या उचलल्या होत्या. निमगावच्या अंगणात आंबाडी निवडत बसलेल्या तिच्या बापाचं काळीज बंगळुरूतल्या रंजनाला सांगत होतं, की तुझी आई बरी आहे. बापाची प्रकृती चांगली निघाली याचं कांचनला त्या क्षणी वाईट वाटलं.

एवढ्यात बापाचा फोन आला. “गाडी आली वो. ड्रायव्हर बोंबलून रायला, खोटा फोन केला म्हनते, दंड लावतो म्हनते. जाऊ देऊ का?”

“नको! बाबा, गाडी सोडू नका. दुसरं कोणीतरी मरतंय, जवळच कुठेतरी. पत्ता शोधतेय मी.”

बापाने पुढे काही विचारलं नाही. “हाव,” एवढंच म्हणाला. नंतर कळलं, की शामराव घरातून खुर्ची घेऊन आले आणि गाडीच्या तोंडासमोर रस्त्यात टाकून तिच्यावर बसले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या. शामरावांना त्यातलं अर्धंच ऐकू गेलं असणार.

आता कांचनच्या हातात एकच उपाय होता आणि तो तिला मघापासून दिसत होता. लांजेवारांच्या राखणदाराचं घड्याळ हाताने बरोबर लावायचं आणि नोंद करायला लावायची. मग नाव खऱ्या घरी येईल, आणि रंजनाच्या मनगटावर तिच्या आईची खरी नाडी जाईल. ही नाडी. खंड पडणारी, घसरत चाललेली. रंजनाला पटवायला जगात दुसरं काही उरलं नव्हतं. पण गाडी वेळेवर पोचली नाही तर? तर जिला आता बिनघोर वाटतंय त्या बाईच्या हातावर कांचन स्वतःहून तिच्या आईचं मरण नेऊन ठेवणार होती. उगाच राहू दिलं, तर रंजनाला उद्यापरवा शेजाऱ्यांकडून कळेल. झोपेत गेली म्हणतील. लोक असं म्हणतातच.

भोंग्यातून म्हातारीचा श्वास येत होता. आता ती बोलत नव्हती.

कांचनने घड्याळ लावलं. नोंद करण्याची आज्ञा दिली. नऊ वर्षांची झोप उडालेला राखणदार नोंदणीकडे गेला, या वेळी त्याने प्रमाणपत्र मानलं, आणि उत्तर आलं, नवा क्रमांक नोंदला. कचेरीत असा नोंदला गेलेला क्रमांक पाहून तिला आजवर नेहमी बरं वाटलं होतं. आज वाटलं नाही. जुनी उत्तरं वाटेत कुठे कुठे साठवलेली असतात, ती शिळी व्हायला थोडा वेळ जावा लागतो. तो वेळ गेला.

फोन वाजला.

“काय केलंत तुम्ही?” रंजना ओरडत होती. “काय केलंत माझ्या कड्याला? हे काय चाललंय? चांगली होती आत्तापर्यंत!”

“ताई, ही तुमच्या आईची. आधीची माझ्या वडिलांची होती. शिव्या मला नंतर द्या. गाव सांगा.”

एक हुंदका, आणि मग शब्दांमागून शब्द. “धानोडी. धानोडी, तलावाच्या पाळीजवळ. निळा दरवाजा. आईला सांगा मी... धानोडी, निळा दरवाजा!”

कांचनने दुसऱ्या फोनवर बापाला सांगितलं. “धानोडी?” शामराव म्हणाले. “नदीच्या पल्याड. तिथला विजेचा डीपी मीच बसवला. पुलावरून फेरा पडते बाई, पन जातो.” खुर्ची आपटल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली.

बापाच्या घराची नोंद कांचनने अजून दुरुस्त केली नव्हती, त्यामुळे आता दोन शहरांत दोन बायका एकच नाडी धरून बसल्या होत्या. भोंग्याच्या वाटेने रंजनाचा आवाज आईपर्यंत नेणं कांचनला जमलं. रंजना “आई, मी आलेय, मी आहे” म्हणत राहिली. म्हातारीने एकदा “हं” केलं. ते कोणत्या रंजूला केलं, मघाच्या की आताच्या, कोण सांगणार?

गाडी अजून पुलावरच होती तेव्हा ठोके थांबले.

“थांबली,” रंजना पुटपुटली. “अहो, थांबली.”

भोंग्यातून बराच वेळ कोंबड्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मग एकदम पावलं, दार ढकलल्याचा आवाज, आणि बापाचा श्वास, धापा टाकणारा. “इथं पडली हाये. अरे या, इकडे या लवकर!”

आणि मनगटावर एक ठोका पडला. जोरदार. मग दुसरा, तिसरा, अगदी सारख्या अंतरावर.

“आली!” रंजना किंचाळली. “आली, आली! आई! बघा, आली ना? किती जोरात!”

असे ठोके काळजाचे नसतात. इतके एकसारखे, इतके ताकदीचे. रुग्णवाहिकेतला माणूस दोन्ही तळहात एकावर एक ठेवून म्हातारीची छाती दाबत होता. प्रत्येक दाबासरशी रक्त ढकललं जात होतं, टिकली तो हिसका इमानाने टिपत होती, राखणदार तो बरोबर नाव लावून बरोबर पत्त्यावर पाठवत होता. कांचनला हे सगळं कळत होतं. रंजना हसत रडत होती, आणि तिला हे सांगायची हिंमत कांचनला झाली नाही.

दाबणारा दमला, बदलला. ठोके पुन्हा सुरू झाले. मग ते मंदावले, एक राहिला, आणि बंद पडले. भोंग्यात कोणीतरी हळू बोललं.

मग रंजनाने विचारलं. आवाज एकदम नम्र झालेला, कचेरीत तक्रार नोंदवायला आलेल्या माणसासारखा.

“मॅडम, परत येत नाहीये काही. तुमच्याकडे पुन्हा बिघाड झालाय का? पत्ता परत चुकला असेल, नाही? बघता का जरा?”

कांचनने पाहिलं. खरंच पाहिलं, एक एक करून. घड्याळ बरोबर होतं. क्रमांक बरोबर होता. नाव खऱ्या घराचं दार दाखवत होतं, दार उघडं होतं, आणि फळ्यावर लांजेवारांपुढे हिरवा दिवा होता.

“नाही ताई,” ती म्हणाली. “आता सगळं नीट चालू आहे.”